हिरव्या पाकिटाचे सोळा दिवस

ऐका, आणि मधे कुणी बोलायचं नाही, नाहीतर धागा सुटतो.

तर बटण. खरं नाव आहे तिला, शाळेच्या दाखल्यावर आहे, पण घरात, गल्लीत, दुकानात सगळे बटणच म्हणतात. दोन वर्षांची असताना तिने आजोबांच्या कोटाचं बटण गिळलं होतं, आणि पुढे उंचीही बेताचीच राहिली, मग नाव बदलायची कुणाला गरजच वाटली नाही. वय तेवीस. काम घड्याळदुरुस्तीच्या दुकानात. दिवसभर एका डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि नजर अशी की केसाएवढी स्प्रिंग खाली पडली तर अख्खं दुकान रांगत शोधतं आणि ही बसल्या जागेवरून सांगते, "टेबलाच्या डाव्या पायाशी बघा."

आणि तिचा दादा. दादाच्या हातात चिमटा दिला तर तो आधी स्वतःलाच टोचून घेईल, पण माईक दिला की गडी हवेत. दादाचा चॅनेल आहे, 'दम किती'. सेल, बॅटऱ्या, पॉवरबँक दुकानातून विकत आणायचे, पार मरेपर्यंत चालवायचे, आणि पाकिटावर कंपनी सांगते तेवढा दम खरंच आहे का ते लोकांना सांगायचं. कंपनीकडून फुकट काही घ्यायचं नाही, हा नियम. वाटणी सरळ होती: मोजणार बटण, बोलणार दादा. ती सेल जोडायची, मीटर लावायची, दर तासाचा आकडा शीटमध्ये आपोआप पडेल अशी सोय करायची. दादा त्या आकड्यांना संगीत लावायचा.

संगीत लक्षात ठेवा, ते पुढे येणार आहे.

आता शनिवार दुपार. बटण दुकानातून लवकर आलेली, दादा कॉम्प्युटरसमोर. खोली एकच, अर्ध्या भागात दादाचे दिवे आणि तिपाई, अर्ध्या भागात बटणचं टेबल. आणि मावशी आली. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, पलीकडच्या गल्लीत एकटी राहते, आणि कोपऱ्यावरच्या पाळणाघरात बाळांच्या खोलीत काम करते. अठ्ठावीस वर्षं झाली. डावा कान लहानपणीच गेलेला, उजव्या कानात मशीन. एरवी ती आली की आधी फ्रीज उघडते, मग खुर्चीवरचे कपडे उचलून त्यांच्या घड्या घालते, आणि मग बोलते. त्या दिवशी आली ती सरळ बसली. कपड्यांवरच.

"मावशी, काय गं?"

"सोमवारपासून मी बहुतेक स्वयंपाकघरात."

"कुठल्या?"

"पाळणाघराच्या. बाटल्या उकळायच्या, वाट्या विसळायच्या. बाळांच्या खोलीत यायचं नाही."

बटणने हातातलं सगळं खाली ठेवलं. कारण तुम्हाला सांगते, मावशी आणि ती खोली वेगळी काढताच येत नाही. बटण तिथेच वाढली, दादा तिथेच वाढला, आणि अजून रस्त्यात दाढीमिशावाला कुणी तरी थांबून मावशीच्या पाया पडतो आणि मावशी म्हणते, "अरे हा तर माझा ओकारू!"

"पण का?"

"गुरुवारी दुपारी मशीन बंद पडलं. अचानक. सात बाळं खोलीत, सहा झोपलेली. सातवं आमचं टकलू. ते उठून रडत होतं, आणि मी त्याच्याकडे पाठ करून दुपटी घडी करत होते. मला पत्ताच नाही. मोठ्या बाई धावत आल्या. म्हणाल्या चार मिनिटं रडत होतं."

मोठ्या बाई म्हणजे ज्यांचं पाळणाघर आहे त्या. कडक बाई, पण सरळ.

"एकदा सेल संपला तर लगेच स्वयंपाकघर?" बटण चिडली. "अठ्ठावीस वर्षांत एकदा?"

"एकदा म्हणून नाही." मावशीने एक नजर दादाकडे टाकली. "त्यांनी मला फोनवर तुमचा व्हिडिओ दाखवला."

दादा खुर्चीसकट वळला. "कुठला? कानाच्या सेलचा? तो जबरदस्त चाललाय मावशी! दोन लाख!"

"त्यात तू हिरवं पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकतोस."

"हो, स्लो मोशनमध्ये!"

"मी हिरवंच वापरते."

दादाने खुर्ची हळूच परत कॉम्प्युटरकडे वळवली.

"मोठ्या बाई म्हणाल्या, मावशी, तुमच्या सख्ख्या भाच्याने जगाला सांगितलं की हा सेल साडेतीन दिवसांत मरतो, आणि तुम्ही तोच कानात घालून माझ्या बाळांजवळ बसता? ह्याला निष्काळजीपणा नाही तर काय म्हणायचं? सोमवारी सकाळी आठला या, ठरवू."

निष्काळजी! मावशी! जी बाळाला आंघोळ घालायच्या आधी पाण्यात कोपर घालते, मग मनगट घालते, मग परत कोपर घालते!

"पण मावशी," बटण हळूच म्हणाली, "तू व्हिडिओ बघितला नव्हतास?"

"बघितला की. तीनदा बघितला. दादा फार छान दिसत होता, तो निळा शर्ट त्याला शोभतो. ऐकू काही आलं नाही."

"काहीच नाही?"

"मागे धडाम धडाम वाजत होतं ना. मशीनला ते आधी ऐकू येतं, माणूस नंतर. आणि खाली अक्षरं नव्हती. मला वाटलं डब्यात टाकतोय म्हणजे वापरून झाल्यावर कुठे टाकायचं ते दाखवतोय."

बघा म्हणजे. कानाच्या मशीनच्या सेलचा व्हिडिओ, कमी ऐकू येणाऱ्या माणसांसाठी केलेला, बावीस मिनिटांचा, आणि त्यात जे काही सांगितलंय ते सगळं तोंडाने. वर संगीत. दादा आणि बटण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनी एकदम छताकडे पाहिलं.

"मावशी, तो कचऱ्याचा डबा म्हणजे जरा, काय म्हणतात, नाट्यमय—"

"तू गप्प बस," मावशी म्हणाली. "बटणे, तुझ्याकडे आकडे असतील ना? ते मला कागदावर दे. वाचता येतं मला."

बटणने शीट छापली. ह्या शीटकडे आजवर कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. व्हिडिओत काय दिसायचं, तर चार रंगांचे चार खांब, पायऱ्या उतराव्यात तसे: लाल एकशेचाळीस तास, निळं एकशे अठ्ठावीस, पिवळं एकशे नऊ, हिरवं चौऱ्याऐंशी, धडाम. पण शीटमध्ये बटणने सगळं भरलं होतं, खोलीत किती गरम होतं ते, सेल कधी उघडला, कधी मीटरला लावला. दुकानातली सवय. प्रत्येक घड्याळाला चिठ्ठी बांधायची: कधी उघडलं, कधी बंद केलं. ते हातात इतकं बसलेलं की ती लिहायची, पण लिहिलेलं वाचायची नाही.

मावशीने पर्समधून पेन्सिल काढली आणि कागद मांडीवर घेतला, अगदी पाळणाघराचा तक्ता घेते तसा. तिथे दाराला रोज एक तक्ता असतो, कोण कधी झोपलं, कधी उठलं, किती प्यायलं. अठ्ठावीस वर्षं तिने तेच भरलंय.

"हे 'स्टिकर काढलं' म्हणजे काय?"

आता हे तुम्हालाही सांगायला हवं. कानाच्या मशीनचा सेल हवेवर चालतो. त्याच्या पाठीला टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतात आणि त्यावर एक इवलंसं स्टिकर. स्टिकर काढलं, हवा आत गेली, की तो सुरू. मग त्याला मशीनमध्ये घाला नाहीतर टेबलावर ठेवा, तो आपला हळूहळू संपतच राहतो. बटणने तेच सांगितलं.

"हं. ते मला माहीत आहे, मी वापरते. मी विचारतेय, चारी पाकिटांपुढे एकच तारीख का? दोन, दोन, दोन, दोन."

दादाला राहवलं नाही. "कारण तो शॉट, मावशी! तू बघितलास ना? चारी पाकिटांतले सगळे चोवीस सेल एका ओळीत, वरून दिवा, आणि बटणचा चिमटा येतो आणि सरसरसरसर! चोवीस स्टिकरं! लोकांनी तो तुकडा वेगळा कापून पाठवलाय एकमेकांना!"

"छान. आणि 'सुरू केला' इथे लाल दोन तारीख, निळं आठ, पिवळं तेरा, हिरवं अठरा."

"मीटर एकच आहे ना," बटण म्हणाली. "एका वेळी एकाच पाकिटातले दोन सेल लागतात. एक पाकीट संपलं की मग पुढचं..."

आणि बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला, एखादं घड्याळ थांबताना होतो तसा.

मावशीने पेन्सिल हिरव्यावर टेकवली. "मग दोन तारखेपासून अठरा तारखेपर्यंत, सोळा दिवस, हे कार्टं काय करत होतं?"

"टेबलावर होतं," दादा म्हणाला.

"झोपलेलं का जागं?"

बटणने 'स्टिकर काढलं'च्या रकान्यावर बोट ठेवलं.

"बाळाला मी पहाटे उठवलं," मावशी म्हणाली, "आणि दिवसभर कुणी त्याच्याकडे बघितलं नाही, आणि संध्याकाळी त्याला म्हटलं, चल आता खेळून दाखव. ते किती खेळेल? दहा मिनिटं खेळेल आणि भोकाड पसरेल. मग आईच्या चिठ्ठीवर काय लिहू, तुमचं बाळ वाईट निघालं, डब्यात टाका?"

मग तिने कागद फिरवून त्यांच्यासमोर धरला. "आणि हे बघा. ज्या क्रमाने लावलेत त्याच क्रमाने नंबर आलेत. लाल पहिलं लावलं, लाल पहिलं आलं. हिरवं शेवटी लावलं, हिरवं शेवटी. एवढ्या सरळ पायऱ्या माझ्या सात बाळांत एक दिवस पडत नाहीत."

बटणचे कान लाल. दादाचा चेहरा पांढरा. आणि बटणला काय सगळ्यात जास्त लागलं सांगू? तिला हे माहीत होतं! स्टिकर काढायच्या आधी दोनदा सांगितलंही होतं तिने, की दादा, एकेक पाकीट वेळेवर उघडू. पण मग दिवा लागला, ओळ मांडली, आणि खरं सांगायचं तर तिलाही तो शॉट फार आवडला. आयुष्यात पहिल्यांदा तिचा चिमटा कॅमेऱ्यात येणार होता.

आणि मग तिच्या डोक्यात दुसरी गोष्ट आली आणि ती उभीच राहिली.

"मावशी. गुरुवारी मशीनमध्ये कुठला सेल होता?"

"हिरवा."

"तुझ्या पाकिटातला?"

"नाही गं, तूच दिलेला. चार दिले होतेस ना, व्हिडिओतले उरले म्हणून. माझं पाकीट संपलं होतं, म्हटलं आधी तुझे वापरू."

सहांतले दोन मीटरला लागले, चार उरले. मावशी हिरवंच वापरते, मग तिला देऊ, वाया कशाला घालवायचे. आणि नुसते दिले असते तर मावशीला उघडे दिसले असते. पण बटण पडली घड्याळवाली! तिने चारी स्टिकरं जपून ठेवली होती, भिंग लावून, चिमट्याने, एकेक स्टिकर जागच्या जागी परत चिकटवलं होतं. इतकं सफाईने की कंपनीलाही ओळखता आलं नसतं.

"तो तुझ्या कानात गेला तेव्हा तीन आठवड्यांचा उघडा होता," बटण म्हणाली. रडायच्या बेतात. "मावशी, तुझा सेल नाही गेला. माझा गेला."

मावशीने पर्समधून एक खिशातली वही काढली, कोपरे गोल झालेली. "हे बघ. मी सेल बदलला की तारीख लिहिते. हिरवा नऊ दिवस जातो, रोज चौदा तास. म्हणून मी आठव्या दिवशी संध्याकाळीच बदलते, संपायची वाटच बघत नाही. गुरुवारी पाचवा दिवस होता. मी म्हणत होते असं कसं झालं, असं कसं झालं. मला वाटलं माझंच मोजायला चुकलं. वयच झालं आता."

हे 'वय झालं' तिने असं म्हटलं ना, की दादासुद्धा खुर्चीतून उठला.

आता सगळं सोपं वाटतं, नाही? जायचं मोठ्या बाईंकडे आणि सांगायचं. पण काय सांगायचं? भाची म्हणते माझं चुकलं, मावशी म्हणते माझं नाही चुकलं. घरातल्या घरात साक्षी. आणि त्यांच्या फोनमध्ये दोन लाख लोकांनी बघितलेला व्हिडिओ. नवीन चाचणी करावी म्हटलं तर हिरव्याला सहा दिवस लागणार, आणि सोमवार परवावर.

दादाकडे उपाय तयार होता. "नवा व्हिडिओ! आजच्या आज! 'आम्ही चुकलो.' मी काळा शर्ट घालतो. मागे हळू पियानो—"

"दादा."

"नाही, पियानो नको, सतार—"

"दादा, इकडे ये." बटणने त्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं, तोच व्हिडिओ लावला आणि आवाज पार बंद केला. "बघ."

"मी बघितलाय, मीच केलाय."

"बघ म्हटलं ना."

आणि दादाने बघितला. दादा हात हलवतोय. दादा भुवया उडवतोय. दादा बोट दाखवतोय, पण कशाकडे ते चौकटीबाहेर. खांब येतात, खांबांवर आकडे आहेत पण एका क्षणात गेले. दादा डोळे मिटून मान हलवतो. चोवीस स्टिकरं सरसर. दादा पुन्हा बोलतो, फार वेळ बोलतो, फार कळकळीने. डबा. सातव्या मिनिटाला दादाने स्वतःच विचारलं, "मी काय सांगतोय हे?"

"मावशीने हे तीनदा बघितलं," बटण म्हणाली. "तू छान दिसतोस म्हणून."

दादाने व्हिडिओ थांबवला. नखं खाल्ली. मग म्हणाला, "ठीक आहे. तक्ता टाकू. पण निदान एवढं तरी लिहू ना, की हिरवं चांगलं आहे?"

"नाही."

"का? मावशीची वही सांगतेय की."

"मावशीची वही मावशीचं सांगते, तेवढं लिहू. आपल्या चाचणीतून हिरवं चांगलं का वाईट ते कळतच नाही. पिवळ्याचंही कळत नाही. निळ्याचंही."

"म्हणजे लालही गेलं?"

"लाल पहिलं आलं कारण लाल पहिलं लावलं. कदाचित खरंच चांगलं असेल. आपल्याला माहीत नाही."

"आपल्याला माहीत नाही," दादाने शब्द चघळून बघितले, औषधाची गोळी चघळावी तसे. "चॅनेलचं नाव 'दम किती', आणि उत्तर 'माहीत नाही'."

"पुढच्या वेळी माहीत असेल."

रविवारचा अख्खा दिवस त्यात गेला. मावशी वही वाचायची, बटण टाईप करायची. दोन वर्षांच्या तारखा! आठ दिवस, आठ दिवस, आठ दिवस, मधे एकदा सात, का तर दुसऱ्या दिवशी पाळणाघराची सहल होती. शेवटची ओळ: पाच दिवस, आणि त्यापुढे बटणने स्वतःच्या हाताने लिहिलं, 'हा सेल तीन आठवडे आधी उघडून परत बंद केलेला होता. मावशींना हे माहीत नव्हतं. मी केलं.' वर चाचणीचा तक्ता, सगळ्या रकान्यांसकट. आणि कुणालाही वाचता येईल, मोठी अक्षरं करता येतील, फोनकडून वाचून घेता येईल, उतरवून घेऊन स्वतःच्या ओळी जोडता येतील, असा साधा मजकूर. चित्र नाही, खांब नाही.

दादाने व्हिडिओवर सगळ्यात वर लिहिलं: 'ह्या व्हिडिओतला निकाल चुकीचा आहे. का, ते खालच्या तक्त्यात वाचा.' लिहिताना तो असा कण्हत होता की मावशीने विचारलं, "पोट दुखतंय का?" मग त्याने मुखपृष्ठावरचा तो डब्याचा फोटो काढला. आणि मग, कुणी सांगितलेलं नसताना, बावीस मिनिटं स्वतःचं बोलणं ऐकत ऐकत खाली अक्षरं घालत बसला. "मी किती वेळा 'मित्रांनो' म्हणतो!" तासाभराने तो ओरडला. "सदतीस! अजून निम्मासुद्धा झालेला नाही!"

संध्याकाळपर्यंत शिव्याही आल्या, येणारच. 'आठवडाभर आम्ही लाल शोधत फिरलो त्याचं काय?' पण एकाने लिहिलं, 'तीन वर्षं तुमचे व्हिडिओ बघतोय. आज पहिल्यांदा कळला.' दादाने ते दोनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा मावशीला वाचायला दिलं.

सोमवार, सकाळी आठ. पाळणाघरात शिरलं की लांबट बोळ, डावीकडे स्वयंपाकघर, उजवीकडे बाळांची खोली, समोर मोठ्या बाईंचं टेबल. मोठ्या बाई उभ्याच होत्या, फळ्यावर आठवड्याचा कागद लावत होत्या, आणि त्यांना सवय अशी की टाचण्या ओठांत धरून बोलायचं. त्यामुळे त्या काहीही बोलल्या तरी समोरचा घाबरतो.

मावशी, बटण आणि मागे दादा, निळ्याच शर्टात.

"हे तेच ना, डबेवाले?" मोठ्या बाई टाचण्यांतून म्हणाल्या.

"हो," दादा म्हणाला. आयुष्यात इतकं थोडक्यात तो पहिल्यांदाच बोलला असेल.

बटणने कागद पुढे केले. "तुम्ही व्हिडिओ बघितलात. हे त्याच्यामागचे आकडे. तुम्ही वाचाल का?"

मोठ्या बाईंनी चष्मा लावला. वाचलं, आणि तेही भरभर नाही. बोटाने ओळ धरून, रकान्यावरून रकान्यावर, तक्ता वाचणारं माणूस वाचतं तसं. 'स्टिकर काढलं'वर बोट थांबलं. 'सुरू केला'वर गेलं. परत आलं. मग वहीच्या तारखांवर उतरलं. आठ दिवस, आठ दिवस, आठ दिवस.

"हे सोळा दिवस उघडे होते?"

"हो," बटण म्हणाली.

"आणि उरलेल्यांना तुम्ही परत स्टिकर लावून ह्यांना दिलेत? न सांगता?"

"हो. मला वाटलं मदत करतेय."

"मुली, उकळलेली बाटली उघडून ओट्यावर ठेवली आणि आठवड्याने परत झाकण लावलं, तर ती आम्ही बाळाला देतो का?"

"नाही."

"आम्ही झाकणावर काय लिहितो?"

बटणला माहीत होतं, तिथेच वाढली होती ती. "कधी उकळली ते."

"हं." मोठ्या बाई मावशीकडे वळल्या, आणि टाचण्या ओठांतून काढल्या. हे फार क्वचित होतं. "मावशी, दोन वर्षं तुम्ही हे लिहिताय?"

"पहिल्या वह्या घरी आहेत," मावशी म्हणाली. "हवं तर आणते."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही व्हिडिओ दाखवलात. त्यात मला वाचण्यासारखं काही नव्हतं. मग बोलायचं काय?"

मोठ्या बाईंनी वहीच्या तारखांचा कागद घेतला, उलटा केला, टेबलावर पट्टी ठेवून मागच्या कोऱ्या बाजूवर दोन रेघा मारल्या. एका रकान्यावर लिहिलं 'सेल उघडला', दुसऱ्यावर 'बदलायचा'. त्याखाली आजची तारीख, कारण मावशीने सकाळीच बंद पाकिटातला नवा सेल घातला होता, आणि आठ दिवस पुढची तारीख. मग म्हणाल्या, "एक जादा सेल रोज जवळ पाहिजे. बंद पाकिटातला. आणि स्टिकर जिने बनवलं तिनेच लावलेलं पाहिजे, म्हणजे कंपनीने."

"हो," तिघं एकदम म्हणाले.

आणि कागद घेऊन त्या बोळात निघाल्या. बटण बघत राहिली. डावीकडे स्वयंपाकघर, उजवीकडे बाळांची खोली, आणि बाईंच्या हातात एक कागद, ओठांत परत एक टाचणी. डावीकडच्या दारापाशी त्या थांबल्या! आत डोकावून म्हणाल्या, "बाटल्या झाल्या का गं?" आणि पुढे गेल्या. उजवीकडचं दार ढकललं, आणि दारामागे, झोपण्या-उठण्याच्या तक्त्याच्या बरोबर शेजारी, कागद टोचला.

आतून टकलू रडायला लागलं.

"आले रे, आले," मावशी म्हणाली, आणि पर्स दादाच्या हातात कोंबून केव्हाच आत गेली होती.